मॅनिफोल्डची गरमी : किती हवी आणि कुठे हवी?
जुन्या कार्बोरेटर गाड्यांची दुरुस्ती करणाऱ्या कारागीर बंधूंसाठी

मे महिन्याच्या दुपारी पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकी घाटात एखादी जुनी ॲम्बेसेडर बॉनेट उघडून उभी असते. ड्रायव्हर फ्युएल पंपावर ओले फडके टाकतो, पंधरा-वीस मिनिटे सावलीत बसतो आणि मग गाडी सुरू होते. तीच गाडी डिसेंबरात पहाटे काढली तर चोक ओढूनही तीन वेळा बंद पडते आणि चार-पाच किलोमीटर जाईपर्यंत उचलत नाही. मालक गॅरेजमध्ये येऊन सांगतो, "मिस्त्री, कार्बोरेटर गेला, बदलून टाका." आपण बदलून टाकतो. पैसे मिळतात, पण पुढच्या घाटात गाडी पुन्हा उभी राहते. मग मालक दुसऱ्या गॅरेजला जातो आणि आपल्या हाताला बट्टा लागतो.

अशा अनेक तक्रारींत कार्बोरेटरचा दोष नसतो. दोष गरमीचा असतो. इनलेट मॅनिफोल्ड, म्हणजे कार्बोरेटरपासून हेडपर्यंत पेट्रोल-हवेचे मिश्रण नेणारा भाग, हवा तेवढा गरम झालेला नसतो किंवा नको तेवढा गरम झालेला असतो. या विषयाकडे आपल्या गॅरेजांत फारसे लक्ष दिले जात नाही, म्हणून तो येथे सविस्तर मांडत आहे.

हे काम आता कोणाकडे उरले आहे?

कार्बोरेटर गाड्या आता बनत नाहीत. मारुती ८०० मध्ये २००० सालापासून एमपीएफआय इंजिन येऊ लागले आणि २०१४ साली ती गाडीच बंद झाली. त्याच वर्षी ॲम्बेसेडरचे उत्पादन थांबले. मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर निरोप घेऊन गेली. तरीही जुन्या जीप, पद्मिनी, ॲम्बेसेडर आणि पहिल्या पिढीच्या मारुती शौकीन लोकांकडे आणि गावोगावी जपून ठेवलेल्या आहेत. पन्नास वर्षांवरील गाड्यांच्या 'व्हिंटेज' नोंदणीसाठी केंद्र सरकारने २०२१ साली स्वतंत्र नियम केले. त्यामुळे अशा गाड्या नीट करून घेणारे गिऱ्हाईक आहे आणि ते चांगली मजुरीही देते. स्कॅनर लावून काम करणाऱ्या नव्या मुलांना हे काम जमत नाही. जुन्या उस्तादांच्या हाताखाली शिकलेल्या कारागिरांकडेच ते येते. मात्र हे गिऱ्हाईक टिकवायचे असेल तर अंदाजाने पार्ट बदलण्याची सवय सोडावी लागेल.

गरमी का लागते?

पेट्रोल पातळ स्वरूपात जळत नाही, त्याची वाफ जळते. कार्बोरेटरमधून पेट्रोलचा बारीक फवारा निघतो, पण तो अजून पूर्ण वाफ झालेला नसतो. वाफ होण्यासाठी त्याला उष्णता लागते आणि ती तो सोबतच्या हवेतून व मॅनिफोल्डच्या धातूतून ओढून घेतो. तळहातावर पेट्रोल पडले की हात थंड लागतो, त्याचे कारण हेच. मिश्रणातले सगळे पेट्रोल हवेच्याच उष्णतेवर वाफ झाले, तर त्या हवेचे तापमान साधारण २० ते २५ अंशांनी उतरते. नाशिककडे थंडीत पहाटे १० अंशांची हवा असते. ती आणखी एवढी उतरली तर पेट्रोलची वाफ कुठून होणार?

मॅनिफोल्ड थंड राहिला तर फवाऱ्यातले जड थेंब त्याच्या तळाशी बसतात आणि पातळ पेट्रोलचा ओहोळ होऊन सिलिंडरकडे वाहत जातात. मग एका सिलिंडरला जास्त आणि दुसऱ्याला कमी पेट्रोल पोचते. गाडी मिसिंग करते, ॲक्सिलरेटर दाबल्यावर क्षणभर अडखळते, चोक लांबवर ओढून ठेवावा लागतो. न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑईल धुऊन काढते आणि रिंगांमधून खाली चेंबरमध्ये उतरते. ऑईल पातळ होते, रिंग व लायनर लवकर झिजतात. गिऱ्हाइकाला फक्त ॲव्हरेज कमी झाल्याचे दिसते. इंजिनाचे आयुष्य कमी होत आहे, हे त्याला कोणी सांगत नाही.

म्हणूनच कंपन्यांनी मॅनिफोल्ड गरम ठेवण्याची सोय मुद्दाम केलेली असते.

मग जास्त गरमीने बिघडते काय?

दोन गोष्टी बिघडतात. पहिली हवेची. हवा गरम झाली की विरळ होते. ३० अंशांच्या हवेऐवजी ६० अंशांची हवा इंजिनात गेली, तर तेवढ्याच जागेत हवेचे वजन सुमारे नऊ टक्क्यांनी कमी भरते. शंभर ग्रॅमच्या जागी एक्क्याण्णव ग्रॅम. इंजिनाची ताकद त्याच बेताने उतरते. शिवाय कार्बोरेटरला हवेचे वजन कळत नाही. हवा विरळ झाली तरी तो पेट्रोल त्या प्रमाणात कमी करत नाही, म्हणून मिश्रण घट्ट होते. प्लग काळे पडतात. गरम मिश्रण दाबाखाली लवकर पेट घेते, त्यामुळे घाटात नॉकिंगही वाढते.

दुसरी गोष्ट पेट्रोलची. पेट्रोल हा एकच पदार्थ नाही, हलक्या-जड तेलांचे ते मिश्रण आहे. त्याचा हलका भाग ३५-४० अंशांपासूनच उडू लागतो, तर शेवटचा जड भाग २०० अंशांच्या आसपास उडतो. फ्लोट चेंबर फार तापला की त्यातले पेट्रोल उकळते. गाडी बंद केल्यावर हे जास्त होते, कारण पंख्याची हवा थांबते, पाणी फिरायचे थांबते, टाकीतून थंड पेट्रोल येणेही थांबते, पण एक्झॉस्टची आच चालूच राहते. दहा-वीस मिनिटांत बॉनेटखालची गरमी चढते, पेट्रोल उकळून मेन जेटच्या वाटेने मॅनिफोल्डमध्ये सांडते आणि इंजिन 'ओव्हर' होते. नमाजला किंवा चहाला थांबलेली गाडी परत सुरू होत नाही, ही तक्रार याच प्रकारची.

पेट्रोल पाइपमध्ये किंवा पंपात वाफ झाली तर पंप वाफच ढवळत बसतो, पेट्रोल पुढे जात नाही. हाच व्हेपर लॉक. उंचीवर हवेचा दाब कमी असल्याने हा त्रास लवकर होतो. महाबळेश्वरच्या उंचीवर दाब समुद्रकिनाऱ्यापेक्षा साधारण पंधरा टक्के कमी असतो.

तीन जागा, तीन हिशेब

या विषयातली सगळी गल्लत 'गरमी' हा एकच शब्द वापरल्याने होते. कारागिराने तीन जागा वेगळ्या धराव्यात. मॅनिफोल्डचा तळ गरम हवा. कार्बोरेटरचा फ्लोट चेंबर, पंप आणि पेट्रोल पाइप थंड हवेत. फिल्टरमधून येणारी हवा ऋतूप्रमाणे हवी, उन्हाळ्यात बाहेरची ताजी आणि थंडीत थोडी कोमट.

आपल्याकडे होते असे की फ्लोट चेंबर तापतो म्हणून मिस्त्री मॅनिफोल्डची गरमी बंद करून टाकतो. इलाज एका जागेचा आणि कारवाई दुसऱ्या जागेवर.

कोणत्या गाडीत काय सोय आहे?

जुनी ॲम्बेसेडर, म्हणजे १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन : इनलेट व एक्झॉस्ट दोन्ही मॅनिफोल्ड हेडच्या एकाच बाजूला, एकमेकांना लागून आहेत. कार्बोरेटरच्या खालच्या भागाला एक्झॉस्टची आच मिळते, याला हॉट स्पॉट म्हणतात. थंडीत हे फायद्याचे आहे, पण कार्बोरेटर नेमका आचेवर बसलेला असतो. एक्झॉस्टला चीर गेली किंवा पॅकिंग फुंकले तर आच थेट चेंबरवर येते. आणखी एक बारकावा म्हणजे दोन्ही मॅनिफोल्डचे कान एकाच जाड वॉशरखाली दाबले जातात. एक कान घासून पातळ झाला असेल तर वॉशर तिरका बसतो आणि इनलेट हवा खातो. वरून कितीही घट्ट करा, उपयोग होत नाही. दोन्ही कानांची जाडी सारखी करून घ्यावी.

जुनी विलीज जीप, खाली व्हॉल्व्ह असलेले इंजिन : येथे एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये गरमी कमी-जास्त करणारा झडपेसारखा व्हॉल्व्ह असतो. इंजिन थंड असताना तो एक्झॉस्टचा धूर इनलेटच्या तळाकडे वळवतो. इंजिन तापले की त्याची दुहेरी धातूची स्प्रिंग सैल होते आणि धूर सरळ सायलेन्सरकडे जातो. पन्नास-साठ वर्षांच्या गंजाने हा व्हॉल्व्ह जाम झालेला असतो. 'गरम' बाजूला जाम असेल तर गाडी दुपारी दम सोडते, 'थंड' बाजूला असेल तर पहाटे रडवते. इंजिन थंड असताना बाहेरचे वजन हाताने हलवून पाहावे. गंज सोडवणारे पातळ तेल घालून हळूहळू मोकळा करावा. इंजिन ऑईल घालू नये, ते जळून कार्बन होते आणि व्हॉल्व्ह पुन्हा अडकतो. महिंद्राच्या पुढच्या पेट्रोल जीपमध्ये इनलेट व्हॉल्व्ह हेडमध्ये आहेत आणि इनलेटची वाटही हेडमध्येच ओतलेली आहे. तिला हेडच्या पाण्याची गरमी मिळते.

मारुती ८००, कार्बोरेटरवाली : या ७९६ सीसी इंजिनाचा इनलेट मॅनिफोल्ड ॲल्युमिनियमचा असून त्यात इंजिनाचे गरम पाणी फिरते. ही चांगली रीत आहे, कारण पाण्याचे तापमान थर्मोस्टॅट सांभाळतो. एक्झॉस्टच्या आचेसारखा चढ-उतार येथे होत नाही. पण थर्मोस्टॅट काढला की सगळा हिशेब बिघडतो.

काही गाड्यांत फिल्टरच्या तोंडाशी उन्हाळा-हिवाळ्याची पट्टी किंवा आपोआप हलणारी झडप असते. ती हिवाळ्याच्या बाजूला अडकली तर भर मे महिन्यात इंजिन एक्झॉस्टवरची तापलेली हवा ओढत राहते. हा दोष शोधायला दोन मिनिटे लागतात, पण फार थोडे लोक तिकडे पाहतात.

माझ्या हातून झालेली चूक

हे लिहिताना स्वतःची चूक लपवणे बरे नाही. काही वर्षांपूर्वी एक मारुती ८०० माझ्याकडे आली. उन्हाळ्याचे दिवस होते आणि ट्रॅफिकमध्ये गाडी बंद पडत होती. मी थर्मोस्टॅट काढून टाकला, मॅनिफोल्डला जाणारे पाणी बायपास केले आणि मालकाला सांगितले, "आता कायमचे निकाली निघाले. आपल्या गरम मुलखात या गोष्टींची गरजच नाही." गाडी चांगली चालली. मालकाने आणखी दोन गिऱ्हाइके पाठवली.

डिसेंबरात तीच गाडी परत आली. लिटरमागे ॲव्हरेज चांगलेच पडले होते, पहाटे अर्धा चोक ओढूनच चालवावी लागत होती. डिपस्टिक काढली तर ऑईलची पातळी खुणेच्या वर, आणि वासाला पेट्रोल. मालकाला वाटले, ऑईल वाढले म्हणजे इंजिन चांगले आहे! ते सगळे न जळलेले पेट्रोल होते. उन्हाळ्यातला खरा दोष फक्त एवढाच होता की कार्बोरेटरखालचा इन्सुलेटर ब्लॉक कोणीतरी काढून त्या जागी पत्र्याची पट्टी बसवली होती. तेव्हा मी तो पाहिलाच नव्हता.

मी मालकाला खरे सांगितले. ऑईल, फिल्टर, नवा थर्मोस्टॅट आणि ब्लॉक माझ्या पैशाने घातला. तेवढे नुकसान सोसले, पण झिजलेल्या रिंगा काही परत येत नाहीत. मालाचा ऐब लपवणे आपल्या दीनमध्ये मना आहे. मजुरीतला ऐबही त्यातच मोडतो, असे मी तेव्हापासून धरतो.

इथेनॉलमुळे वाट अरुंद झाली

हा विषय आज पूर्वीपेक्षा महत्त्वाचा झाला आहे, तो पेट्रोलमधल्या इथेनॉलमुळे. २०२२ साली देशात दहा टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट गाठले गेले. २०२३ च्या फेब्रुवारीत वीस टक्के मिश्रणाचे पेट्रोल पंपांवर येऊ लागले आणि २०२५ पर्यंत ते देशभर पसरले. जुनी कार्बोरेटर इंजिने या इंधनासाठी बनवलेली नाहीत.

इथेनॉलला वाफ होण्यासाठी पेट्रोलपेक्षा दुपटीहून जास्त उष्णता लागते. वीस टक्के मिश्रण धरले तर एकंदर उष्णतेची गरज पाव ते तीस टक्क्यांनी वाढते. म्हणजे थंड मॅनिफोल्ड आणखी थंड पडणार. उलट बाजूने इथेनॉल पेट्रोलच्या हलक्या भागाशी मिसळून साधारण ५० ते ७५ अंशांच्या टप्प्यात जास्त वाफ करते. तापलेल्या फ्लोट चेंबरमध्ये नेमके हेच तापमान असते. पूर्वी थोडी इकडे-तिकडे झालेली गरमी चालून जायची, आता चालत नाही.

तिसरी गोष्ट जेटची. एक किलो शुद्ध पेट्रोल जाळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, वीस टक्के मिश्रणाला सुमारे १३.५ किलो. जेट तोच ठेवला तर मिश्रण सात-आठ टक्के पातळ होते. गाडी अडखळते, इंजिन जास्त तापते. अशा वेळी जेट एक नंबर मोठा घालण्याचा विचार करावा, पण गरमीचे सगळे दोष काढून झाल्यावरच. आणि जेट बाजारातून तयार आणावा. सुईने किंवा तारेने भोक वाढवू नये.

इथेनॉल जुने रबर फुगवते आणि पाणी धरते. पंपाचा डायाफ्राम, पाइप व फ्लोटची नीडल इथेनॉल सोसणाऱ्या मालाच्या घ्याव्यात. महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीचा तळ तपासावा.

तपासणी कशी करावी?

सगळ्यात पहिले हत्यार म्हणजे प्रश्न. गिऱ्हाइकाला "काय होते?" एवढेच न विचारता "केव्हा होते?" हे विचारा.

पहाटे त्रास, दहा-पंधरा किलोमीटरनंतर गाडी सुधारते, ऑईलला पेट्रोलचा वास येतो : मॅनिफोल्ड थंड आहे.

दुपारी दम नाही, रात्री तीच गाडी छान धावते : आत येणारी हवा गरम आहे.

चालताना ठीक, पण थांबून दहा-वीस मिनिटांनी सुरू होत नाही, पेट्रोलचा वास येतो : फ्लोट चेंबर उकळतो आहे.

घाटात किंवा ट्रॅफिकमध्ये झटके देऊन बंद पडते, पंप ओला केल्यावर चालते : पाइपमध्ये किंवा पंपात वाफ होते आहे.

त्यानंतर पुढील क्रमाने तपासावे.

१) इग्निशन टायमिंग आणि पॉइंटची गॅप. टायमिंग मागे पडले असेल तर एक्झॉस्ट नेहमीपेक्षा जास्त तापतो आणि सगळा दोष मॅनिफोल्डवर येतो.

२) रेडिएटर, फॅन, पाण्याची पातळी आणि थर्मोस्टॅट. थर्मोस्टॅट काढून पातेल्यातल्या पाण्यात थर्मामीटरसह गरम करावा. त्यावर जो आकडा कोरलेला असतो, त्या तापमानाच्या आसपास तो उघडायला लागला पाहिजे. आधीच उघडा असेल तर तो निकामी आहे.

३) मॅनिफोल्डचे जोड. इंजिन स्लोवर ठेवून जोडांवर साबणाच्या पाण्याचे थेंब टाकावेत. स्लो बदलला तर तेथून हवा घेते आहे. तपासण्यासाठी पेट्रोल ओतण्याची काही मिस्त्रींची सवय जिवावर बेतणारी आहे. खाली एक्झॉस्ट लालभडक असतो.

४) इन्सुलेटर ब्लॉक जागेवर आहे का, तडकला आहे का, दोन्ही बाजूंचे पॅकिंग शाबूत आहे का.

५) हीट शिल्ड, म्हणजे कार्बोरेटर आणि एक्झॉस्टमधला पत्रा. जुन्या गाड्यांत हा पत्रा 'खडखडतो' म्हणून काढून फेकलेला असतो.

६) पेट्रोल पाइपची वाट आणि, असल्यास, टाकीकडे परत जाणारा रिटर्न पाइप. रिटर्न बुजला की पेट्रोल पंपाजवळ तापत राहते.

तापमान मोजण्यासाठी लांबून मोजणारा इन्फ्रारेड थर्मामीटर आता साध्या गॅरेजलाही परवडतो. पण चकचकीत ॲल्युमिनियमवर तो खरा आकडा दाखवत नाही, कमी दाखवतो. जेथे मोजायचे तेथे काळ्या रंगाचा ठिपका द्यावा आणि त्यावर नेम धरावा. पाण्याने गरम होणारा मॅनिफोल्ड इंजिन तापल्यावर पाण्याच्या तापमानाजवळ पोचला पाहिजे. फ्लोट चेंबर मात्र चालत्या गाडीत हात चार-पाच सेकंद ठेवता येईल इतकाच गरम असावा.

इलाज

कार्बोरेटरखाली बेकेलाइटचा ब्लॉक घाला. बेकेलाइटमधून उष्णता ॲल्युमिनियमच्या मानाने शेकडो पटींनी कमी वाहते, म्हणून पत्र्याची किंवा ॲल्युमिनियमची पट्टी त्याची जागा घेऊ शकत नाही. जास्त जाड ब्लॉक घालताना स्टडची लांबी, ॲक्सिलरेटरची जोडणी आणि बॉनेटची उंची आधी पाहावी.

ॲल्युमिनियमच्या पत्र्याची शिल्ड बनवून बसवा. ती एक्झॉस्टला किंवा कार्बोरेटरला चिकटू देऊ नका, दोन्हीकडे बोटभर मोकळी जागा ठेवा. मधली हवाच खरी आड असते. पेट्रोल पाइप एक्झॉस्टपासून व इंजिनच्या ब्लॉकपासून दूर न्या, त्यावर उष्णता रोखणारी नळी चढवा. फिल्टरचे तोंड रेडिएटरमागच्या तापलेल्या हवेतून काढून बाहेरच्या हवेकडे वळवा. मॅनिफोल्डचा फेस वाकला असेल, पट्टीखाली ०.१ मिलिमीटरची फीलर गेज जात असेल, तर काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासून घ्या.

गाडी सीएनजीवर चालत असेल तर हिशेब वेगळा. गॅसला वाफ व्हायचे नसते, त्यामुळे मॅनिफोल्डच्या गरमीचा त्याला उपयोग नाही, उलट ताकद थोडी कमी होते. पण तीच गाडी पेट्रोलवरही चालवायची असेल तर पाणी बंद करू नका.

ड्रायव्हरलाही दोन गोष्टी शिकवा. गरम इंजिन 'ओव्हर' झाले असेल तर चोक ओढू नये आणि ॲक्सिलरेटर वारंवार मारू नये. पेडल पूर्ण खाली दाबून धरावे आणि पाच ते दहा सेकंद स्टार्टर मारावा. आणि लांबचा घाट चढून आल्यावर इंजिन लगेच बंद न करता एक-दोन मिनिटे स्लोवर चालू ठेवावे.

सावधगिरी

जुन्या मॅनिफोल्डचे पॅकिंग आणि एक्झॉस्टवर गुंडाळलेली दोरी ॲस्बेस्टॉसची असू शकते. तिची धूळ फुप्फुसात बसते आणि आजार कित्येक वर्षांनी उमटतो. कोरडे खरवडू नका, हवेच्या नळीने उडवू नका. पाण्याने भिजवून काढा, पिशवीत बंद करा आणि शिकाऊ पोरांना त्या कामाला लावू नका. नवे पॅकिंग ॲस्बेस्टॉस नसलेले घ्या. गळणारा कार्बोरेटर खोलण्यापूर्वी बॅटरीची तार काढा आणि इंजिन थंड होऊ द्या.

बिलाविषयी

कार्बोरेटर बदलला की बिल मोठे होते. बेकेलाइटचा ब्लॉक आणि शिल्डचा पत्रा लावला तर बिल लहान होते. म्हणून कारागिराचे मन पहिल्याकडे ओढते. यावर एकच उपाय आहे, दोष शोधण्याची मजुरी वेगळी लावा आणि ती उघडपणे सांगा. दोन तास डोके लावून दोष काढला, त्याचे पैसे मागण्यात लाज नाही. गिऱ्हाइकाला जुना तुटका ब्लॉक हातात द्या, कुठे काय बिघडले होते ते दाखवा.

एक साधी वहीही ठेवा. गाडीचा प्रकार, महिना, तक्रार केव्हा होते, मॅनिफोल्डचा व चेंबरचा आकडा, काय केले आणि सहा महिन्यांनी काय झाले, एवढे लिहा. उन्हाळ्यात केलेल्या प्रत्येक कामाच्या मालकाला थंडीत एकदा बोलावून ऑईल पाहा. दोन वर्षांत ही वही तुमच्या शागिर्दांना कोणत्याही पुस्तकापेक्षा जास्त शिकवेल.